मोर्वालकरीण

एर्सांने मुलीचं डोकं हलकेच वळवलं आणि आपल्या झग्याच्या घड्यांत दाबून धरलं. दारातून आत येणारी म्हातारी पोरीला दिसू नये, एवढाच तिचा हेतू होता.

पोर धडपडली. लोकर टोचते, म्हणाली. एर्सांने हात जरा सैल केला, पण काढला नाही. चार वर्षांच्या पोरीला कचेरीत आणायची तिची इच्छाच नव्हती. पण दावा दोघींवर होता, आणि पंचांनी दोघींनाही समोर उभं करायला सांगितलं होतं.

शांब्रेलच्या मालकाच्या शिपायाने म्हातारीला सहा कोसांवरून खेचरावर बसवून आणलं होतं. ती उंबऱ्यावरच्या पेंढ्यावर लाकडी जोडे पुन्हा पुन्हा पुसत राहिली. एवढी मोठी खोली, एवढे लोक तिने कधी पाहिले नसावेत. एर्सांने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. जोड्यांकडे पाहिलं. डावा जोडा चिरला होता आणि त्याला चामड्याची पट्टी ठोकलेली होती. मागच्या वर्षी ती पट्टी नव्हती. कोणी ठोकून दिली असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि ती नजर झटकन खिडकीकडे नेऊन तिथेच ठेवून उभी राहिली.

रोस्ने गावाचा नियम साधा होता. तटाच्या आत जो वर्षभर आणि वर एक दिवस राहिला आणि ज्याच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, तो मोकळा. मग त्याला कुठलाही मालक परत नेऊ शकत नव्हता. एर्सांचे एकोणीस दिवस राहिले होते.

ती पळाली होती ती स्वतःसाठी नव्हे. तिचा नवरा मठाच्या जमिनीवरचा बांधील होता आणि ती शांब्रेलच्या मालकाची. अशा जोडप्याची पोरं दोन्ही मालकांनी वाटून घ्यायची, ही तिकडची रीत. पहिलं मूल बापाच्या बाजूचं. दुसरं झालंच नाही, नवरा तापाने गेला. मग एक दिवस मठाचा कारभारी आला, त्याने पोरीला दाराच्या चौकटीपाशी सरळ उभं केलं आणि हातातल्या काठीने तिची उंची मोजली. अजून एक उन्हाळा राहू दे आईजवळ, म्हणाला, मग बदकं राखायला येईल. जाताना त्याने पोरीच्या गालाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. त्या संध्याकाळपासून एर्सां पोरीला जेवायला वाढताना हात आखडू लागली. पोर वाढू नये, असं तिला वाटायला लागलं होतं. हे लक्षात आलं त्या दिवशी तिने आईला सांगितलं, आणि आईने भाकरी फडक्यात बांधायला घेतली.

रोस्नेच्या वेशीवर पहारेकऱ्याने विचारलं होतं, "कुठली?"

हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. शांब्रेलमध्ये सगळेच शांब्रेलचे. तिथे ती ओब्रेची एर्सां होती आणि तिची आई ओढ्यापलीकडची ओब्रे. आपल्या गावाचं नाव आपल्याला लागू शकतं, हे गाव सोडल्यावरच कळतं. तिच्या पुढच्या गाडीवाल्याने आत्ताच मोर्वाल म्हटलं होतं. तीही म्हणाली, मोर्वाल.

आठवडा संपायच्या आत ती गल्लीभर मोर्वालची एर्सां झाली, आणि कामावरच्या बायकांमध्ये नुसती मोर्वालकरीण. गल्लीत जां नावाचे चौघे होते. एक बोव्हेचा, एक रँसचा, एक त्र्वाचा, आणि जो कुठूनच आला नव्हता, इथेच जन्मला होता, तो बिचारा तिरळा जां. गावाचं नाव मिळालं याबद्दल देवाचे आभार मान, असं शेजारची रिशेल्द तिला म्हणाली होती. नाहीतर तुझ्या नाकावरून काहीतरी ठेवलं असतं आम्ही.

अडचण एकच झाली. ती ज्या ओसरीत लोकर विंचरायची, तिथेच बोद्वां नावाचा एक म्हातारा बसायचा, आणि तो खराखुरा मोर्वालचा होता. चौथ्या दिवशी तो आपली फणी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. कुणाची गं तू, त्याने विचारलं. एर्सांचे हात थांबले. बोद्वांने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाशी लोकरीच्या ढिगात झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि बराच वेळ नुसतीच लोकर ओढत राहिला.

"लहानपणीच बाहेर पडली असशील," शेवटी तो म्हणाला. "विसरायला होतं. ऐक, मी सांगतो."

त्या दिवसापासून त्याने तिला मोर्वाल सांगायला सुरुवात केली. चर्चला दोन दारं, त्यातलं उत्तरेचं कायम बंद. विहिरीच्या काठावरचं अक्रोडाचं झाड, त्याची फळं कडवट. वारा सुटला की सगळ्या गावाला चुनखडीची धूळ. तीस वर्षांत तो तिकडे गेला नव्हता. कधी कधी सांगता सांगता तो रागावायचा, जणू ती मुद्दाम विसरली होती. एर्सांने सगळं पाठ केलं. मग रात्री पोरीला झोपवताना ती तेच सांगू लागली, कारण शांब्रेलमधलं काही सांगितलं असतं तर पोरीने ते दुसऱ्या दिवशी गल्लीत जाऊन सांगितलं असतं. पोरीला अक्रोडाचं झाड फार आवडलं होतं.

आता कचेरीत थोरल्या पंचांनी आधी बोद्वांलाच पुढे बोलावलं. त्यांचा पाय सुजलेला होता आणि तो त्यांनी उशीवर ठेवला होता. ही बाई तुझ्या गावची का, असं त्यांनी विचारलं. आमच्याच गावची, बोद्वां म्हणाला. हिचा बाप लंगडा होता, पण नाचायला सगळ्यांच्या पुढे. लोक हसले. शिपाईसुद्धा हसला. पण पंचांनी बोद्वांला खाली बसायला सांगितलं. तो काही तिच्या रक्ताचा नव्हता, त्याचं बोलणं ऐकण्यापुरतं.

शिपायाचंही तेच होतं. त्याने एर्सांला बाजारात पाहताक्षणी ओळखलं होतं. लहानपणापासून पाहत आला होता तो तिला. पण रोस्नेत त्याच्या ओळखीला किंमत नव्हती. बांधीलपण आईच्या पोटातून येतं, म्हणून ते पोटाच्या नात्यातल्याच माणसाने शपथेवर सांगायचं, असा इथला कायदा. आणि एर्सांच्या आईच्या बाजूचं एकच माणूस जिवंत होतं.

लेखनिकाने संताच्या अस्थींची पेटी आणून मेजावर ठेवली. ती लहान होती, मिठाच्या डब्याएवढी.

"ओब्रे बाई," थोरले पंच म्हणाले, "नीट जवळ जाऊन बघा. घाई नाही."

म्हातारी जवळ आली. तीन पावलांवर थांबली. तिच्या अंगाला धुराचा आणि ओल्या मेंढीच्या कातड्याचा वास होता, आणि तो वास आला तेव्हा एर्सांचा हात आपोआप ढिला पडला. पोरीने डोकं सोडवून घेतलं. केस विस्कटलेले, गालावर लोकरीचे वळ. तिने म्हातारीकडे वर बघितलं.

तीन वर्षं ही पोर त्या म्हातारीच्या कुशीत झोपली होती. कोणता शब्द येईल आता पोरीच्या तोंडातून, त्याची एर्सां वाट पाहत राहिली. हात पुन्हा उचलून तोंडावर ठेवावा तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल.

पोरीने म्हातारीला डोक्यापासून जोड्यांपर्यंत बघितलं. मग तोंड फिरवून एर्सांचा झगा ओढला.

"आई, ही बाई कोण?"

म्हातारीचा जबडा किंचित हलला, दात नसलेल्या माणसाचा हलतो तसा. ती वळली. मेजापाशी गेली आणि कोणी सांगायच्या आधीच तिने हात पेटीवर ठेवला.

"माझी एर्सां मागच्या हिवाळ्यात गेली," ती म्हणाली. "ही ती नव्हे. तिच्या अंगावर एवढं मांस नव्हतं." मग तिने शपथेचे शब्द लेखनिकामागून एकेक करून उच्चारले. देवासमोर आणि या संतासमोर, या बाईला मी आजच्या आधी कधी पाहिलेलं नाही.

"म्हातारे, देवाला तरी घाबर," शिपाई म्हणाला.

"घाबरते हो," म्हातारी म्हणाली.

नोंद करताना लेखनिकाने मुलीचं नाव विचारलं. एर्सांला गाव बदलता आलं होतं, हे बदलता आलं नव्हतं. पोरीला आजीचं नाव ठेवलं होतं, आणि ते सोडून दुसऱ्या नावाने हाक मारायला तिची जीभच वळली नव्हती. ओब्रे, ती म्हणाली. शिपायाने हात पसरून पंचांकडे पाहिलं, आता तरी बघा, अशा अर्थाने. थोरल्या पंचांनी सुजलेला पाय उशीवर नीट केला. या एका चर्चच्या हद्दीत पाच ओब्रे आहेत, ते म्हणाले, त्यातली एक माझ्या घरात आहे. तिलाही नेतोस का? ने बाबा, मी दावा करणार नाही. खोलीत हशा पिकला आणि त्यातच लेखनिकाने लिहून टाकलं, एर्सां, मोर्वालची. ओब्रे, तिची मुलगी, मोर्वालची.

बाहेर चिखल होता. शिपाई एकटाच खेचरावर चढला. म्हातारीने लगामाजवळ उभं राहून जरा वाट पाहिली, मग तिच्या लक्षात आलं आणि तिने झग्याचा काठ वर खोचला. गल्लीतल्या बायका एर्सांभोवती जमल्या होत्या. रिशेल्द तिचे खांदे धरून हलवत होती. त्यांच्या बाजूने जाताना म्हातारी थबकली.

"अगं मोर्वालकरणी," ती वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "पोरीचे कान झाक. या हवेत कान ठणकतात. कळत कसं नाही तुम्हा लोकांना?"

"बरं, बाई," एर्सां म्हणाली.

म्हातारी खेचरामागून चालू लागली. एर्सांने पोरीच्या कानांवरून फडकं बांधलं. गाठ नीट बसेना म्हणून तिने ती तीनदा सोडली आणि बांधली. मान वर केली तेव्हा वेस रिकामी होती.

एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी काहीच झालं नाही. एर्सां त्या दिवशीही ओसरीत बसून लोकर विंचरत होती. हिवाळा गेला. ईस्टर आला, सगळ्यांबरोबर तिनेही पापं सांगितली, पण ती आपलीच, दुसऱ्या कोणाचं त्यात काही आणलं नाही, आणि तिला प्रसादाची भाकर मिळाली. पोर चार बोटं वाढली. झग्याचे काठ दोनदा सोडावे लागले, आणि ते सोडताना एर्सां गाणं म्हणायची. तेव्हा तिच्या मनात एक बेत तयार होत होता. पुढच्या उन्हाळ्यात संताच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं जातात. तिथे गर्दीत कोण कोणाच्या शेजारी बसलं, हे कोण बघतं?

सफरचंदं उतरायच्या दिवसांत मीठवाला आला. तो वर्षातून एकदा यायचा, आणि वाटेतल्या सगळ्या गावांच्या बातम्या मिठाबरोबर आणायचा. रिशेल्दनेच त्याला विचारलं, त्या शांब्रेलच्या शपथवाल्या म्हातारीचं काय रे? इथे आली होती बघ, आमच्या मोर्वालकरणीला तिची पोरगी म्हणून न्यायला निघाले होते.

मीठवाल्याने माप खाली ठेवलं. मेली, म्हणाला. शेंग सोलावी तशा सहजपणे म्हणाला असता कोणीही, पण त्याने टोपी काढली, कारण ती बातमी त्याला स्वतःलाही नीट कळली नव्हती. म्हातारी ईस्टरला प्रसादाच्या भाकरीला गेलीच नाही. पापं सांगायलाही गेली नाही. पाद्री दोनदा घरी आला, पुतण्यासारखा समजावत बसला. मला सांगण्यासारखं काही नाही, एवढंच ती म्हणायची. गावाने बोलणं सोडलं. शेंगांच्या काढणीच्या वेळी पडली ती उठली नाही. शेवटच्या घटकेलासुद्धा तिने पाद्र्याकडे पाठ केली. मग काय करणार, दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरली, ओढ्याच्या अंगाला.

"एवढं कसलं पाप असेल हो म्हातारीचं?" रिशेल्द म्हणाली.

"कुणास ठाऊक. हट्टी असतात म्हाताऱ्या."

एर्सांच्या हातात लोकरीचा एक पुंजका होता. ती तो विंचरत राहिली. पुंजका विरळ झाला, मग दोऱ्यांसारखा झाला, मग फण्यांचे दात एकमेकांवर घासू लागले तरी तिचे हात चालूच होते. बोद्वांने हात लांब करून तिच्याकडची फणी काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. बायका मिठाभोवती होत्या.

"सांगितलं असतं तर पाद्र्याने आधी इथे येऊन शपथ मागे घ्यायला लावली असती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्याशिवाय माफी देत नाहीत ते. तिला ते माहीत असणार."

एर्सांने मान हलवली. तिला ते पेटीवर हात पडला तेव्हाच कळायला हवं होतं. म्हातारीला तेव्हाच कळलं होतं.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी रोस्नेचा पाद्री चर्चमध्ये मेज मांडून बसला. दुसऱ्या दिवशी वेदीसमोर ज्यांची नावं वाचायची, त्यांची यादी तो करत होता. ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठीही या दिवशी प्रार्थना होते, असं त्याने आदल्या रविवारी सांगितलं होतं. बायका हातात मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. शांब्रेलमध्येही आज अशीच यादी होत असेल. भिंतीबाहेर पुरलेल्यांची नावं तिथे कोणी घेत नाही.

एर्सांपुढे रिशेल्द होती. तिने सहा नावं सांगितली. सहाव्यावर पाद्री थांबला, कारण तो तिचा नवरा होता आणि सकाळीच त्याने चर्चचा लाकूडफाटा आणून टाकला होता. पुढच्या वर्षी रांगेत उभं राहायला नको म्हणून सांगून ठेवलं, रिशेल्द म्हणाली. पाद्र्याने हसू दाबून ते खोडलं.

"हं, मोर्वालकरीण. कोणाचं नाव?"

"ओब्रे," एर्सां म्हणाली.

तिचं बोट धरून उभ्या असलेल्या पोरीने वर पाहिलं. एर्सांने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कुठली ओब्रे?" पाद्र्याने यादीवरून बोट फिरवलं. "तीन आहेत आधीच इथे. नुसतं ओब्रे म्हटलं तर देवाने बिचाऱ्याने कुणाला शोधायचं?"

एर्सांने तोंड उघडलं. मागे आठ-दहा बायका होत्या, त्यांच्या मागे खांबापाशी लेखनिक आपल्या बापासाठी मेणबत्ती घेऊन उभा होता. शांब्रेलचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर होतं. दोन वर्षांत तिने ते एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ते उच्चारलं की प्रार्थना सरळ त्या ओढ्याच्या काठावर जाईल, चुकायची नाही. आणि मग पाद्री पुढचा प्रश्न विचारेल, त्याला तिला उत्तर देता येणार नाही. शांब्रेलची ओब्रे तिची कोणी नव्हती. तसं शपथेवर लिहिलेलं होतं.

तिने पोरीचं बोट घट्ट धरलं. पोर कुरकुरली.

"अगं, दूरची कोणी आहे का? तुझी कोण ती?" पाद्र्याने विचारलं.

"माझी आई," एर्सां म्हणाली.



"असं होय. मग मोर्वालचीच की," पाद्री म्हणाला आणि त्याने पिसाची लेखणी शाईत बुडवली.

एर्सां त्याच्या हाताकडे पाहत राहिली. तो सावकाश लिहायचा. शाई ओली असेपर्यंत काही बोलता आलं असतं. तिची आई जन्मात एकदाच ओढ्याच्या पलीकडच्या टेकडीपुढे गेली होती, जाताना खेचरावर आणि येताना पायी. पाद्र्याने लिहिलेल्या ओळीवर वाळू टाकली, फुंकर मारली आणि कागद उजेडाकडे धरला.

"ओब्रे, मोर्वालची. एर्सांची आई," त्याने वाचलं. "बरोबर?"

"बरोबर," एर्सां म्हणाली, मेणबत्ती मेजावर ठेवली आणि मागच्या बाईला जागा करून दिली.